चांदबिबीचा तट आणि आपलं लॅन

होस्टेलच्या लॅनवर कुणीतरी पोर्ट स्कॅन करतंय अशी कुजबुज सुरू झाली, की लगेच दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीच्या मते सगळं हॅक झालं, आता आपली वाट लागली. दुसरीच्या मते कुणीतरी नुसतं दार वाजवून बघतंय, त्यात काय एवढं! खरं कुणाचं? याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जायला नको. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच नगरच्या भुईकोट किल्ल्यात एका बाईला असाच प्रश्न रोज सोडवावा लागला. ती म्हणजे सुलताना चांदबिबी.

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील अहमदनगरचे सुलतान हुसेन निजामशाह, आई खुंजा हुमायून. नगरच्या किल्ल्याला दगडी तट घातला तो याच हुसेनशाहाने. चांदबिबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालं. लग्न राजकारणाचं होतं. दोन दरबारांचं नातं जुळलं आणि १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत दख्खनचे सुलतान विजयनगरविरुद्ध एकत्र उभे राहिले. चांदबिबी घोड्यावर बसायची, शिकारीला जायची. फारसी, अरबीबरोबर तिला मराठी आणि कानडीही येत होती असं सांगतात.

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. गादीवर आला त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि कारभार चांदबिबीकडे आला. पण दरबारातल्याच किश्वरखानाने तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. पुढे लोक त्याच्यावर उलटले आणि ती सुटली. काही वर्षांनी ती माहेरी नगरला परतली.

आणि मग १५९५ साल उजाडलं. निजामशाहीत गादीवरून भांडणं लागली होती. मियाँ मंजू नावाच्या सरदाराला आपली बाजू लंगडी वाटली, तेव्हा त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. म्हणजे शत्रूला दार उघडून दिलं ते आतल्याच माणसाने! नंतर त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर मोगल फौज नगरच्या वेशीवर आली होती. मंजू बाहेर निघून गेला. चांदबिबीने लहानग्या बहादूरला सुलतान जाहीर केलं आणि किल्ला स्वतः लढवायला घेतला.

बाहेर रोज तोफा, नगारे, आरडाओरडा चालू होता. त्या आवाजाने तट पडत नव्हता. खरा धोका जमिनीखाली होता. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणून दारू ठासली होती. मोगल छावणीतल्या ख्वाजा महंमदखान शिराझी नावाच्या माणसाने रात्री येऊन आतल्यांना सुरुंगांची जागा सांगितली. चांदबिबीने लगेच आतून खणायला माणसं लावली. दोन सुरुंग रिकामे झाले. तिसऱ्याचं काम चालू असतानाच, फेब्रुवारी १५९६ मध्ये, मोगलांनी तो उडवला. तटाला सुमारे ५० यार्डांचं भगदाड पडलं. भले भले सरदार पळायच्या बेतात होते. तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन भगदाडात उभी राहिली. अंधार पडेपर्यंत हल्ले परतवले आणि रातोरात भगदाड बुजवून टाकलं. गोळे संपल्यावर तिने तोफांतून सोन्याचांदीची नाणी डागली अशीही आख्यायिका आहे. शेवटी तह झाला. वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर वाचलं.

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले, ह्यावेळी शहजादा दानियालबरोबर. आता लढण्याची ताकद उरली नव्हती. अटी घालून किल्ला द्यावा आणि छोट्या सुलतानाला घेऊन जुन्नरला जावं असा तिचा विचार होता. ती शत्रूला फितूर झाली अशी हाकाटी आतल्याच लोकांनी उठवली आणि जमावाने तिला ठार मारलं. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. त्या वेळी सुरुंग शोधायला कुणी उरलं नव्हतं.

आता आपल्या लॅनकडे येऊ. प्रत्येक मशीनला टीसीपीची ६५,५३५ पोर्ट्स असतात. स्कॅन म्हणजे एकेक दार वाजवून कुठून उत्तर येतं ते टिपून घेणं. इंटरनेटवरून येणारे स्कॅन हे बाहेरचे नगारे. ते चोवीस तास वाजतात, कॉलेजचा फायरवॉल ते अडवतो, त्याची झोप उडवून घेऊ नका. पण स्कॅन होस्टेलच्याच एखाद्या खोलीतून येत असेल तर तो तटाच्या आतला. तिथे गेटवरचा फायरवॉल काही कामाचा नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय असाच लॅनवर ४४५ नंबरचं पोर्ट वाजवत फिरला. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी तो टाकला त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. अशा वेळी स्कॅन करणाऱ्या मशीनच्या मालकाला बहुधा काहीच पत्ता नसतो.

म्हणून लॅबच्या सरांना आयपी ॲड्रेस आणि वेळ कळवा. आपल्या मशीनवर नेटस्टॅट चालवून कुठली दारं उघडी आहेत ते बघा. नको ते शेअरिंग बंद करा, अपडेट टाका, मशीनचा स्वतःचा फायरवॉल चालू ठेवा. वऱ्हाड सोडून नगर वाचवतात तसं, गाण्यांचा शेअर्ड फोल्डर गेला तरी चालेल, प्रोजेक्ट वाचला पाहिजे!

आणि नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलसाठी कुणी परवानगी घेऊन स्कॅन करत असेल, तर त्याला मेसमध्ये हॅकर ठरवून मोकळे होऊ नका. आधी विचारा. नगरने एकदा अफवेवर विश्वास ठेवून आपलाच राखणदार गमावला आहे.