अरुण कोलटकर: दुसऱ्यांचे ब्रँड उभे केले, स्वतःची पुस्तकं मात्र मित्रांसोबतच काढली

पुस्तकाचा फोटो स्टोरीला टाकताना आपण आधी कव्हर बघतो. ते कव्हर सहसा प्रकाशक ठरवतो, लेखकाला फार तर दाखवलं जातं. पण कव्हर करणारा आणि कविता लिहिणारा एकच माणूस असला तर?

मराठीत असा एक माणूस होऊन गेला. अरुण कोलटकर.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. १९५७ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेतला आणि पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्र धरलं. तिथे ते साधेसुधे नव्हते. केर्सी कात्रक यांच्या एमसीएमसारख्या गाजलेल्या एजन्सीत त्यांनी काम केलं आणि जाहिरात क्षेत्रातला मानाचा कॅग पुरस्कार अनेकदा मिळवला. म्हणजे माल लोकांच्या नजरेत कसा भरवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कविता ते पन्नाशीच्या दशकापासून लिहीत होते, मराठीत आणि इंग्रजीतही. पण त्या यायच्या 'शब्द'सारख्या लघुअनियतकालिकांत. स्वतःचं पुस्तक यायला १९७६ उजाडलं. तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती!

त्या वर्षी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चौघा कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाऊस' नावाची प्रकाशनसंस्था चालवायला घेतली. मागे कुणी शेठ नाही, ऑफिसचा बडेजाव नाही. सुरुवातीला चौघांचं एकेक पुस्तक काढलं. मुखपृष्ठांची जबाबदारी अर्थातच कोलटकरांवर. एरवी कंपन्या ज्या कामाचे पैसे मोजायच्या, ते इथे मित्रांच्या कवितांसाठी होत होतं.

त्यातलं त्यांचं पुस्तक म्हणजे 'जेजुरी'. त्यात एके ठिकाणी ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या उड्या मारतायत. तिथे शब्द एका ओळीत बसतच नाहीत, तेही पानभर वर-खाली उडतात. कागद वाचवायला बसलेल्या प्रकाशकाने हे सरळ ओळीत दाबून छापलं असतं, तर उड्याच गेल्या असत्या. पानावरची मोकळी जागा हासुद्धा कवितेचाच भाग असतो, तो असा. १९७७ मध्ये 'जेजुरी'ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह आला. तो काढला अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशन'ने. शहाणे म्हणजे 'असो' हे लघुअनियतकालिक काढणारे, मोठ्या साहित्यिकांना अंगावर घेणारे गृहस्थ. ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

राष्ट्रकुल पुरस्कारानंतर दुसरा कुणी असता तर मोठ्या प्रकाशकाशी करार करून मोकळा झाला असता. कोलटकर प्रभादेवीच्या छोट्या खोलीत राहिले. घरी फोनसुद्धा नव्हता. भेटायचं तर काळा घोडा भागातलं वेसाइड इन गाठायचं. इतका ब्रँडिंगचा जाणकार, आणि स्वतःची जाहिरात शून्य.

याची किंमतही होती. छोट्या प्रकाशनाचा पसारा छोटा असतो. प्रती मोजक्या, संपल्या की संपल्या, आणि गावोगावच्या दुकानांत पोचायची सोय नाही. क्लिअरिंग हाऊस ऐंशीच्या दशकात थांबलं. कोलटकरांचं नाव ऐकलेले पुष्कळ होते, पुस्तक हातात घेतलेले कमी. मराठीतल्या इतक्या मोठ्या कवीबाबत हे घडावं, हे खटकतंच.

पुढे बराच काळ नवं काहीच नाही. मग अखेरच्या काळात एकदम रांग लागली. 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण', शिवाय इंग्रजीत 'काला घोडा पोएम्स' आणि 'सर्प सत्र'. सगळी प्रासकडूनच. तेव्हा कोलटकरांना कॅन्सर झाला होता. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात ते गेले.

'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तो २००५ मध्ये. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशनाने 'जेजुरी'ची नवी आवृत्ती काढली, नव्या कव्हरसह.