संपादकपदाचा वारसा : स्वर्णकुमारी देवी आणि ‘भारती’

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय भाषांमध्ये स्त्रिया लिहू लागल्या, याची नोंद वाङ्मयेतिहासाने बऱ्यापैकी घेतली आहे. लिहिणे आणि नियतकालिक चालविणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी होत. लेखिकेला कोणीतरी छापावे लागते. संपादिका कोणाला छापावयाचे हे ठरविते. हा अधिकार स्त्रीच्या हाती आला आणि दीर्घकाळ टिकला, याची जी मोजकी उदाहरणे त्या काळात सापडतात, त्यांत बंगाली ‘भारती’ मासिकाच्या संपादिका स्वर्णकुमारी देवी यांचे स्थान वरचे आहे. रवींद्रनाथांची थोरली बहीण ही त्यांची रूढ ओळख. त्या ओळखीने त्यांना प्रसिद्धी दिली, आणि त्यांचे कर्तृत्व झाकोळूनही टाकले.

स्वर्णकुमारींचा जन्म १८५५च्या सुमारास कलकत्त्यातील जोडासांको येथील ठाकूरवाड्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथांच्या या कन्येने शाळेचे तोंड पाहिले नाही. तिचे शिक्षण अंतःपुरातच झाले. तथापि अयोध्यानाथ पाकडाशी यांच्यासारखा परपुरुष शिक्षक म्हणून अंतःपुरात आणण्याचे धैर्य देवेंद्रनाथांनी दाखविले, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे. १८६७ मध्ये जानकीनाथ घोषाल यांच्याशी तिचा विवाह झाला. ठाकूर घराण्यातील जावयाने सासुरवाडीतच राहावे आणि ब्राह्मधर्माची दीक्षा घ्यावी, असा प्रघात होता. जानकीनाथांनी दोन्ही अटी नाकारल्या. पुढे राष्ट्रीय सभेच्या कार्यात अग्रेसर झालेल्या या गृहस्थाने पत्नीच्या लेखनास आयुष्यभर पाठिंबा दिला. घराण्याबाहेर स्वतंत्र बिऱ्हाड मिळाल्यामुळे स्वर्णकुमारींना माहेरच्या वैचारिक वातावरणाचा लाभही झाला आणि त्याच्या दडपणापासून थोडे अंतरही राखता आले. त्यांच्या चरित्रात या बाबीकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

‘दीपनिर्वाण’ ही त्यांची पहिली कादंबरी १८७६ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली. ती वाचून सत्येंद्रनाथांनी ती ज्योतिरिंद्रनाथांचीच असावी असे मानले, अशी हकीकत सांगितली जाते. वीस-एकवीस वर्षांच्या बहिणीने ऐतिहासिक कादंबरी लिहावी, हे तिच्या सुधारक भावाच्याही कल्पनेत आले नव्हते. पुढे ‘पृथिवी’ हा विज्ञानविषयक निबंधांचा संग्रह (१८८२) आला. भूगर्भशास्त्र व खगोल या विषयांवर देशी भाषेत लिहिताना परिभाषा घडविण्याचे कष्ट त्यांनी घेतले. ‘स्त्रीसुलभ’ म्हणून ठरवून दिलेल्या विषयांच्या कुंपणात त्या राहिल्या नाहीत, एवढे या दोन पुस्तकांवरून स्पष्ट होते.

‘भारती’चा जन्म १८७७ चा. कल्पना ज्योतिरिंद्रनाथांची, संपादक म्हणून नाव द्विजेंद्रनाथांचे, आणि वातावरण घरगुती मैफलीचे. या मैफलीचे केंद्र ज्योतिरिंद्रनाथांच्या पत्नी कादंबरी देवी होत्या. एप्रिल १८८४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि मंडळ उद्ध्वस्त झाले. द्विजेंद्रनाथांना संपादनात रस उरला नाही. मासिक बंद करण्याचे घाटू लागले. अशा वेळी स्वर्णकुमारींनी ते आपल्या अंगावर घेतले. येथे थोडे थांबावयास हवे. ही संधी त्यांना कोणी सन्मानाने देऊ केली नव्हती. पुरुषांनी सोडून दिलेले, तोट्यात जाऊ शकणारे आणि शोकाची छाया पडलेले काम त्यांच्या वाट्यास आले. स्त्रियांकडे नेतृत्व अनेकदा अशाच पडत्या काळात येते. घराण्याच्या आधाराशिवाय हे घडले नसते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खराही आहे. परंतु तोच आधार भावांनाही होता, आणि त्यांनी सात वर्षांत मासिक खाली ठेवले. बहिणीने ते सलग अकरा वर्षे, १८९५ पर्यंत, चालविले.

मासिक चालविणे म्हणजे काय, हे या अकरा वर्षांच्या अंकांवरून कळते. कादंबरीचे क्रमशः प्रकरण, विज्ञानावरील निबंध, प्रवासवर्णन, अनुवाद, विनोद, कोडी अशी पाने भरण्याची जबाबदारी संपादिकेवर होती, आणि लेखकांनी दगा दिला की त्यातील बराच मजकूर तिलाच लिहावा लागे. ज्ञानदानंदिनी देवींनी १८८५ मध्ये मुलांसाठी काढलेले ‘बालक’ वर्षभरातच थांबले. स्वर्णकुमारींनी ते आपल्या मासिकात सामावून घेतले आणि काही वर्षे ‘भारती ओ बालक’ हे जोडनाव चालविले. विधवेच्या स्थितीवरील ‘स्नेहलता’ ही त्यांची कादंबरी याच मासिकातून क्रमशः वाचकांपुढे आली. रवींद्रनाथांचे पुष्कळसे आरंभीचे लेखनही येथेच प्रसिद्ध झाले. धाकट्या भावाच्या उमेदवारीच्या काळात थोरली बहीण त्याची संपादिका होती, हे नाते रवींद्र-चरित्रांत सहसा दुय्यम स्वरूपातच येते.

१८८६ मध्ये त्यांनी ‘सखी समिती’ स्थापन केली. अनाथ मुली व विधवा यांना शिकवून त्यांना अंतःपुरातील शिक्षिका म्हणून वेतनावर नेमावे, अशी तिची योजना होती. दयाबुद्धीपेक्षा येथे उपजीविकेचा विचार अधिक दिसतो. समितीच्या मदतीसाठी १८८८ मध्ये बेथून विद्यालयात स्त्रियांचा शिल्पमेळा भरला. त्यासाठी रवींद्रनाथांनी ‘मायार खेला’ हे संगीतनाट्य लिहून दिले. पुढे थोरली मुलगी हिरण्मयी हिने हेच कार्य विधवा-शिल्पाश्रमाच्या रूपाने चालू ठेवले. १८९०च्या राष्ट्रीय सभेच्या कलकत्ता अधिवेशनास स्वर्णकुमारी प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या. आदल्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात पंडिता रमाबाई व काशीबाई कानिटकर गेल्या होत्या, याची मराठी अभ्यासकांस आठवण व्हावी. काशीबाईंचे कथा-कादंबरीलेखन आणि आनंदीबाई जोशींचे चरित्र यांचे मोल मोठे आहे. परंतु स्वतःच्या संपादकत्वाखाली इतकी वर्षे चाललेले सर्वसाधारण वाङ्मयीन मासिक त्यांच्या हाती नव्हते. मराठीत तानूबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’ची सूत्रे हाती घेतली ती विसाव्या शतकात, आणि तीही पतीच्या पश्चात. दोन्ही प्रांतांची तुलना या अंगाने व्हावयास हवी. मात्र ती जोडासांकोची सुबत्ता आणि सत्यशोधकी पत्राची ओढाताण यांतील अंतर विसरून करता येणार नाही.

१८९५ मध्ये ‘भारती’ हिरण्मयी आणि सरला या मुलींकडे गेली. मग वर्षभर रवींद्रनाथ, पुन्हा एकट्या सरलादेवी. त्यांनी विवाहानंतर लाहोरहूनही काही काळ काम पाहिले. १९०८ मध्ये स्वर्णकुमारी परतल्या आणि १९१५ पर्यंत राहिल्या. आईकडून मुलींकडे आणि मुलीकडून पुन्हा आईकडे संपादकपद जाते, असे दुसरे उदाहरण सहजी सापडत नाही. या वारशाची दुसरी बाजू सरलादेवींच्या ‘जीवनेर झरापाता’ या आत्मचरित्रात आहे. लेखनात गढलेली, नोकरदायांच्या हाती मुले सोपविणारी, मायेचा स्पर्श क्वचितच देणारी आई त्यांना आठवते. ठाकूरवाड्यात ही रीतच होती, असे म्हणून हे दुःख बाजूस सारणे योग्य नाही. तथापि असाच हिशेब वाड्यातील लेखक-पित्यांकडे कोणी मागितल्याचे दिसत नाही, हेही नमूद करावयास हवे.

‘काहाके?’ (१८९८) ही त्यांची सर्वांत आधुनिक कादंबरी. विवाहाचा निर्णय स्वतःच्या मनाशी तपासणारी सुशिक्षित तरुणी येथे प्रथमपुरुषी निवेदन करते. तिचा इंग्रजी अनुवाद १९१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही याच वर्षी. विलायतेत आपले लेखन पोहोचावे या बहिणीच्या खटपटीविषयी रवींद्रनाथांनी रोदेन्स्टाइन यांना लिहिलेल्या पत्रातील मत कठोर आहे. कुवतीपेक्षा महत्त्वाकांक्षा अधिक, असा त्याचा आशय. अनुवादित कादंबरीच्या गुणांविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु महत्त्वाकांक्षा हा दोष म्हणून मोजला गेला तो बहिणीच्या बाबतीत, आणि नंतरच्या समीक्षेने हा निवाडा फारशी उलटतपासणी न करता उचलला. अठरा वर्षांचे संपादन त्या निवाड्यात कोठेच मोजले गेले नाही.

कलकत्ता विश्वविद्यालयाने १९२७ मध्ये त्यांना जगत्तारिणी सुवर्णपदक दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९२९ मध्ये वंगीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तोवर ‘भारती’ बंद पडून तीन वर्षे लोटली होती. अखेरच्या दोन वर्षांत तिचे संपादन पुन्हा सरलादेवींकडेच होते. ३ जुलै १९३२ रोजी स्वर्णकुमारींचे कलकत्त्यात निधन झाले.