कै. नाना शंकरशेट : पेढी आणि पाठशाळा

यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ज्यांचे पुण्यस्मरण करीत आहोत, ते कै. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे आपल्या दैवज्ञ ज्ञातीत जन्मले, याचा आपणां सर्वांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांना केवळ ज्ञातिभूषण म्हणणे म्हणजे त्यांची थोरवी आखूड करणे होय. पेढीवरचे द्रव्य सर्वांच्या शाळेकडे कसे वळवावे, याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला. त्यांच्या चरित्राचे तेवढेच एक अंग येथे सांगण्याचा आमचा मानस आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, आडनाव मुरकुटे. मातेचे छत्र बालपणीच हरपले व १८२२ साली वडीलही निवर्तले. विशी गाठण्यापूर्वीच व्यापाराचा सर्व भार नानांच्या शिरावर आला. अरब व अफगाण व्यापारी आपल्या ठेवी निःशंकपणे त्यांच्या पेढीवर ठेवीत, एवढी त्यांची पत होती.

त्याच सुमारास मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा व पुस्तके सिद्ध करणारी संस्था निघाली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली. नाना तिच्या कार्यात मनोभावे शिरले. १८२७ साली गव्हर्नर एलफिन्स्टन स्वदेशी परतण्यास निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमले. त्या निधीचा विनियोग पुतळ्यापुरता न होता उच्च शिक्षणाचे अध्यापक नेमण्याकडे झाला व त्यातूनच एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली.

१८४० साली शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. त्यात सरकारने नेमलेल्या सभासदांबरोबर सोसायटीचे तीन एतद्देशीय सभासद होते : नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी व एक मुसलमान असे हे तिघे सार्वजनिक शिक्षणाच्या कारभारास बसले, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. ते बोर्ड संपुष्टात येईपर्यंत नानांनी आपली जागा सोडली नाही.

ती जागा शोभेची नव्हती. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सारा ओढा इंग्रजीकडे होता. सामान्य रयतेच्या मुलांस ज्ञान मिळावयाचे तर ते मातृभाषेतूनच मिळाले पाहिजे, असे नानांचे ठाम मत होते. कर्नल जॉर्ज जार्विस यांच्यासह ते या बाजूने उभे राहिले. ज्या सरकारशी व्यापाऱ्याचे हितसंबंध जडलेले, त्याच सरकारच्या वजनदार न्यायाधीशासमोर विरुद्ध मत मांडणे सोपे नव्हते. मुलींच्या शाळा १८४९ साली सुरू झाल्या, तेव्हाही लोकापवादाची पर्वा न करता नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. पैसा देणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या घराचे दार उघडणारे विरळा.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. त्यांच्या पश्चात मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयासाठी त्यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१२ साली ती आपल्याच जिल्ह्यातील, रायगडाच्या पायथ्याजवळील नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. हेच चिंतामणराव पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि तसे असण्याची अटही नव्हती. एका सराफी परंपरेतील पुरुषाच्या नावाचा दिवा दुसऱ्याच्या घरी उजळला, यातच त्या दानाचे मोठेपण आहे.

आता आपल्याकडे वळू. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर आपल्या पेढ्या आहेत, अन्य ज्ञातिबांधवांचे मासळीचे, सुपारीचे व पाहुण्यांच्या निवासाचे व्यवसाय आहेत. आणि त्याच गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कार्यास लावणे भाग पडले. परंतु लहान दुकानदारास असा कायदा नाही, त्याला केवळ सद्बुद्धी आहे. अध्यापनाच्या दीर्घ सेवेत आम्ही पाहिले की जूनमध्ये वह्या वाटणारे हात अनेक असतात, पण दिवाळीनंतर शाळेचे छप्पर, मास्तरांची अडचण वा मुलांची गैरहजेरी पाहण्यास कोणी फिरकत नाही. नाना केवळ देणगी देऊन घरी गेले नाहीत. ते वर्षानुवर्षे कारभारात बसले, आणि प्रसंगी भांडलेही.

आपल्या संघाचा विद्यार्थी निधी आज ज्ञातीच्या मुलांपुरता आहे. तो राहू द्यावा. परंतु त्यासोबत प्रत्येक गावच्या पेढीने शेजारची एक शाळा आपली मानावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस पेढीतील कोणी तरी जावे, हिशोब ठेवण्याचे आपले कसब तिच्या कामी लावावे, आणि वरच्या वर्गातील मुलांस तराजू, व्याज व नफातोटा पेढीवरच शिकवावा. यास खर्च थोडा, वेळ मात्र लागेल. नानांच्या तसबिरीस हार घालताना, तो वेळ देण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.