आधी गल्ली पाहा, मग नकाशा काढा

मैत्रिणींनो, रस्ता रुंदीकरणाची नोटीस आली की घरच्या बाईच्या पोटात गोळाच येतो. आमच्या बचत गटातल्या एकीचं स्वयंपाकघर असंच लाल खुणेच्या आत आलं. शहर वाढणार, रस्ते हवेत, हे तिलाही कळतं. पण त्यासाठी दर वेळी घरं पाडायलाच हवीत का? हा प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावचा. ते मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. तरुणपणी मेक्सिकोत डोळ्यांचा आजार झाला आणि काही काळ अंधारात काढावा लागला. सूक्ष्मदर्शकाखालचं काम मागे पडलं. मग ते शहराकडेच एखाद्या जिवंत शरीरासारखं पाहू लागले.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. या जोडप्यानं संसार थाटला तो एडिंबरोच्या जुन्या, कोंदट, दाटीवाटीच्या वस्तीत! दोघांनी स्वतः झाडलोट केली, भिंती रंगवल्या, मोकळ्या कोपऱ्यांत झाडं लावली. हळूहळू शेजारीही हाताशी आले. वस्ती न उठवता सुधारता येते, हे त्यांना तिथे उमगलं.

१९१४ साली ते भारतात आले. नगररचनेचं त्यांचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज युद्धात बुडालं. त्यांनी ते पुन्हा उभं केलं. गावोगाव ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. अगदीच मोडकळीला आलेली घरं तेवढी काढायची, विहिरी, तळी, झाडं राखायची आणि बाकी वस्ती तशीच ठेवायची, ही त्यांची रीत. सरळ रेघ मारून वस्ती कापली, तर गरीब माणूस दुसरीकडे आणखी दाटीत जाऊन राहतो, हे ते बजावून सांगत.

१९१७ साल फार वाईट गेलं. मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. आजारी ॲनाला ती बातमी सांगायचा धीर त्यांना झाला नाही. पुढे थोड्याच दिवसांत भारतातच ॲनाही गेल्या. तरीही त्यांनी काम सोडलं नाही.

होळकरांच्या इंदुरात तेव्हा प्लेगनं थैमान घातलं होतं. गेडिस यांनी दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की जी आळी सगळ्यात स्वच्छ असेल तिथूनच ती जाईल! मग काय, घरोघर झाडलोट, डागडुजी, रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत सफाई कामगार नवे कपडे घालून, गळ्यात हार घालून मानानं चालले. शेवटी प्लेगच्या उंदराच्या पुतळ्याचं दहन झालं. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ सालचा.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. पुढे १९२५ साली त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. १९३२ साली फ्रान्समध्ये माँपेलिए इथे ते वारले.

आपल्या गावाचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा लोकांच्या हरकती, सूचना मागवतात. ती नोटीस पुरुषांनीच वाचायची असं थोडंच आहे? नळ कुठे, गटार कुठे तुंबतं, मुलं कुठे खेळतात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? तेव्हा चार जणी मिळून जा, नकाशा पाहा आणि मुदतीच्या आत लेखी अर्ज द्या. आमची ती मैत्रीण अर्ज देऊन आली आहे.