डॉक्टर इतार आणि गेरँबाई

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून सांगितले. लोणच्या-पापडांच्या कृती पुष्कळजणी देतील, म्हणून मी एका फ्रेंच डॉक्टरांची हकीगत देते. माझ्या नणंदेचा मुलगा सहा वर्षांचा होईतो बोलत नव्हता. त्याच्यापायी चार पुस्तके चाळली, त्यांत ही सापडली.

झां इतार यांचा जन्म १७७४ सालचा, दक्षिण फ्रान्समधला. घरच्यांनी त्यांना पेढीच्या कामाला घालायचे ठरवले होते. पण राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते लष्करी इस्पितळात शिरले आणि तेथेच डॉक्टरी शिकले. १८०० च्या अखेरीस पॅरिसच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ते डॉक्टर म्हणून लागले.

त्याच वर्षी आव्हेरों प्रांतातल्या रानात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला होता. बोलणे नाही, अंगभर जखमांचे वण. जवळ पिस्तूल उडवले तरी वळून पाहात नसे, पण अक्रोड फोडल्याचा आवाज झाला की लगेच मान वळवी! पिनेल हे तेव्हाचे फार मोठे मनोरोगतज्ज्ञ. हा जन्माचाच मतिमंद, सुधारणे नाही, असा त्यांनी निकाल दिला. आजचे काही जाणकार तो स्वमग्न असावा म्हणतात.

इतार तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे. त्यांनी मुलाला आपल्याकडे घेतले, व्हिक्टर असे नाव ठेवले. शिकवण्याची रीत अशी, की कामाचे बारीक तुकडे करायचे. आधी चित्राखाली तीच वस्तू लावायची, मग अक्षरे जुळवायची. दुधासाठीचा फ्रेंच शब्द अक्षरांनी लावायला तो शिकला. पुढे एके दिवशी ती अक्षरे आपणहून खिशात घालून, जेथे दूध मिळे त्या घरी गेला आणि टेबलावर शब्द मांडून मोकळा झाला. बरोबर आले की लगेच आवडीची वस्तू द्यायची, ही रीत १९६० च्या सुमारास अमेरिकेत शास्त्र म्हणून उभी राहिली. आमच्या भाच्याच्या बाई चुरमुऱ्यांवर तेच करतात.

सगळेच काही गोड नव्हते. एकदा मुलगा फार चिडला, तेव्हा इतारांनी त्याला वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरले. पोर भीतीने पांढरे पडले. नंतर पुष्कळ रडले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. मला ते वाचवले नाही.

त्याचे जेवण, आंघोळ, फिरवणे गेरँबाई नावाच्या गृहिणीकडे होते. त्यांचे यजमान वारले त्या दिवशी व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्यांचेही ताट मांडले. बाईंना रडू कोसळले. त्याने ते ताट उचलून जागेवर ठेवले आणि पुन्हा कधी मांडले नाही. ज्याला काही कळत नाही म्हणत, तो हा मुलगा!

पाच-सहा वर्षांनी इतारांनी शिकवणे सोडले. व्हिक्टर बोलायला शिकला नाही, म्हणून ते हे अपयशच मानीत. पुढे त्यांनी कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला, सेगँ नावाच्या तरुणाला आपली विद्या दिली आणि १८३८ साली ते वारले. त्या दोघांचे लिखाण माँटेसोरीबाईंनी स्वतःच्या हाताने उतरून काढले होते. बाई १९३९ साली मद्रासला आल्या. त्यांची पद्धत आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत आणली. आमच्याकडची दट्ट्यांची पेटी तिथूनच आलेली.

गेरँबाईंना व्हिक्टरच्या सांभाळासाठी सरकारकडून वर्षाला १५० फ्रँक मिळत. १८२८ साली तो वारला, तोवर तो त्यांच्यापाशीच होता.