आनंदीबाई जोशी: अमेरिकेतली पहिली दिवाळी आणि पहिला हिवाळा कसा होता?

४ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८, पती गोपाळराव भारतातच. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. उन्हाळा बरा गेला.

अडचणी सुरू झाल्या ऑक्टोबरमध्ये, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्यावर. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरअखेर, मंगळवारी आली. तिथे तो इतर दिवसांसारखाच एक दिवस. सुट्टीचा सण म्हणजे नाताळ, तोही दुसऱ्यांचा. तोवर थंडी पडली होती आणि खोलीतली फायरप्लेस नीट चालत नव्हती. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा!

निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत त्यांनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं सांगितलं होतं. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही शाकाहार सुटला नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आज हे किरकोळ वाटेल. पण सगळं लक्ष लागलेल्या समाजासाठी ही मोठी बातमी होती.

पुढे कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. तब्येत मात्र ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी एमडी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वय २१. अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.