क्रेपेलिनची कार्डं आणि केसपेपरवरचा कोड

शिरूर किंवा दौंडहून पुण्याला मनोविकारतज्ज्ञाकडे गेलेल्या रुग्णाच्या कागदांवर कधी कधी ‘एफ २०’ किंवा ‘एफ ३१’ असं लिहिलेलं दिसतं. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या यादीतले, दहाव्या आवृत्तीचे कोड आहेत. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३१ म्हणजे बायपोलर आणि एफ ८१ म्हणजे वाचन, लेखन, गणितातली अध्ययन अक्षमता. यादीतल्या मनोविकारांच्या मांडणीमागे ज्या माणसाची मेहनत आहे, ते एमिल क्रेपेलिन.

त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी जर्मनीतल्या नॉयश्ट्रेलिट्झ गावी झाला. लोकमान्य टिळकांचं जन्मवर्षही हेच. त्या काळी मनोविकारांना नावं होती, पण शिस्त नव्हती. रुग्ण उदास दिसला की एक आजार, आरडाओरडा करू लागला की दुसरा. त्यामुळे एकाच माणसाच्या आजाराचं नाव काही महिन्यांत बदलायचं.

क्रेपेलिन यांनी लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंट यांच्याकडे प्रयोग आणि मोजमापाची सवय लावून घेतली. १८८३ मध्ये त्यांनी मनोविकारांवर एक छोटं पाठ्यपुस्तक लिहिलं. पुढे आयुष्यभर ते त्यात सुधारणा करत राहिले आणि त्याचे जाडजूड खंड झाले. तिशीतच ते डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू इथे प्राध्यापक झाले. तिथले बरेच रुग्ण एस्टोनियन बोलायचे. ती भाषा त्यांना येत नसल्याने दुभाष्यावर अवलंबून राहावं लागे.

१८९१ मध्ये ते हायडेलबर्गला आले आणि खरं काम उभं राहिलं. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. आजार कधी सुरू झाला, लक्षणं काय होती, निदान काय केलं आणि पुढे रुग्णाचं काय झालं, हे सगळं त्यावर. सुट्टीवर जातानाही ही कार्डं बरोबर असत. ती लावता लावता दोन मोठे गट दिसू लागले. काहींची प्रकृती तरुणपणापासून ढासळत जाई. काहींना उदासीचे किंवा उन्मादाचे झटके येत, पण मधल्या काळात ते ठीक असत. १८९९ च्या आवृत्तीत ही विभागणी ठळकपणे आली. आजचे स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे वेगळे गट त्यातूनच आले. एका दिवसाच्या लक्षणांपेक्षा आजाराची वाटचाल महत्त्वाची, हा त्यांचा धडा.

१९०३ मध्ये ते म्युनिकला गेले. तिथे त्यांच्या हाताखाली अलॉइस अल्झायमर काम करत होते. अल्झायमर यांनी वर्णन केलेल्या स्मृतिभ्रंशाला त्यांचं नाव १९१० मध्ये क्रेपेलिन यांच्याच पुस्तकातून मिळालं.

मात्र या कामाला काळी बाजूही आहे. स्किझोफ्रेनियाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच अकाली बुद्धिभ्रंश असा होता. काही रुग्ण सुधारतात हे त्यांच्याच नोंदींत होतं, तरी नाव निराशेचं राहिलं. आनुवंशिक ऱ्हासाच्या कल्पनेवरही त्यांचा विश्वास होता. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांचं निधन झालं. १९३३ मध्ये नाझी राजवटीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि उन्माद-अवसाद हे आजार होते आणि कायद्याचा पुरस्कार करणारे अर्न्स्ट र्‍युडिन हे क्रेपेलिन यांचेच शिष्य होते. आजाराचं नाव माणसावर शिक्का म्हणून मारलं की काय होतं, ते इथे दिसतं.

स्वतः क्रेपेलिन यांनी १९२० मध्ये कबूल केलं होतं, की या दोन गटांमधली रेघ नेहमीच स्पष्ट नसते. यादीही बदलत आली आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात कोडची पद्धतच वेगळी आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार निदान आयसीडीसारख्या मान्य निकषांवरच व्हायला हवं. नुसते पूर्वी उपचार घेतले म्हणून कुणाला आज आजारी ठरवता येत नाही.

तेव्हा कागदावर कोड दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारा. जुने केसपेपर आणि चिठ्ठ्या एका फाइलमध्ये जपून ठेवा. त्रास कधी सुरू झाला, कोणतं औषध लागू पडलं, मधले दिवस कसे गेले, हे वहीत लिहा. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले, तरी ती वही क्रेपेलिन यांच्या कार्डासारखीच उपयोगी पडेल.